लॅक्लन मॅक्वारी: कुळ, कारकीर्द आणि कारभार

न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीचा १८१० ते १८२१ या काळातील गव्हर्नर लॅक्लन मॅक्वारी याचे नाव ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर नदी, बंदर, रस्ता, दीपगृह आणि विद्यापीठ अशा अनेक रूपांनी कायम राहिले आहे. त्याच्या आधी त्या वसाहतीवर नेमले गेलेले चारही गव्हर्नर आरमारातील अधिकारी होते. मॅक्वारी हा तेथे गेलेला पहिला भूदलाचा अधिकारी, आणि त्याच्या लष्करी आयुष्याची उमेदीची वर्षे मुंबईत व मुंबईहून निघालेल्या मोहिमांत गेली होती. त्याच्या कारभारातील औदार्य आणि क्रौर्य या दोहोंचा उलगडा करायचा असेल, तर अभ्यासकाला सिडनीच्या आधी मुंबईत आणि मुंबईच्याही आधी स्कॉटलंडच्या एका लहानशा बेटावर जावे लागते. कारण माणसांवर सत्ता कशी चालवावी याची त्याची मूळ कल्पना त्या बेटावरच्या कुळव्यवस्थेत घडली होती.

उल्व्हा बेट आणि मॅक्वारी कुळ

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत हेब्रिडीज हा बेटांचा समूह आहे. त्यातील किनाऱ्याजवळच्या भागास इनर हेब्रिडीज म्हणतात. या भागात मल हे मोठे बेट असून त्याच्या पश्चिमेला, एका चिंचोळ्या सामुद्रधुनीपलीकडे, उल्व्हा हे लहान बेट आहे. मॅक्वारी कुळाचे मूळ ठाणे हेच होय. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात ज्याला 'क्लॅन' म्हणत, ते कुळ म्हणजे एकाच मूळ पुरुषाचे वंशज मानले जाणारे आणि एकाच प्रमुखाच्या आज्ञेत राहणारे लोक. प्रमुख हा जमिनीचा धनी, तंटे तोडणारा न्यायाधीश आणि लढाईतला सेनापती असे. त्याच्या जमिनीवर राहणारे लोक त्याला खंड देत आणि हाक आली की शस्त्र घेऊन उभे राहत. त्या बदल्यात दुष्काळात, आजारपणात आणि शेजाऱ्यांशी होणाऱ्या भांडणात प्रमुखाने आपला सांभाळ करावा, ही त्यांची हक्काची अपेक्षा असे. कुळाचे नाव लावणारे सगळेच रक्ताने जोडलेले नसत, परंतु नाते प्रत्यक्ष असो वा मानलेले, त्यातून येणारे कर्तव्य खरे मानले जाई.

मॅक्वारी कुळ संख्येने लहान होते आणि लहान कुळाला मोठ्याच्या आश्रयानेच तगावे लागे. पश्चिमेकडील बेटांवर मॅक्डोनल्ड घराण्याची सत्ता होती तोवर ते त्यांच्या बाजूने राहिले, आणि १४९३ साली स्कॉटलंडच्या राजाने ती सत्ता खालसा केल्यावर त्यांनी मल बेटावरील मॅक्लीन कुळाचा हात धरला. १६५१ साली क्रॉमवेलच्या सैन्याविरुद्ध इन्व्हरकीदिंग येथे झालेल्या लढाईत मॅक्लीनांच्या बरोबरीने लढताना मॅक्वारींचा प्रमुख ॲलन हा आपल्या अनेक कुळबंधूंसह कामी आला.

१७४६ साली कलोडनच्या रणांगणावर स्टुअर्ट घराण्याच्या पक्षाचा शेवटचा पराभव झाला आणि त्यानंतर लंडनच्या पार्लमेंटने कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले. प्रमुखाच्या हाती आता जमीन तेवढी उरली, आणि जमिनीचे मोल तिच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांवरून न ठरता तिच्यातून निघणाऱ्या पैशावरून ठरू लागले. १७७३ च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि जेम्स बॉझ्वेल हे उल्व्हावर एक रात्र मुक्कामाला होते, तेव्हा शतकानुशतके बेट राखलेले हे घराणे कर्जात बुडाल्याचे त्यांना दिसले. १७७७ मध्ये बेट विकले गेले. कुळाच्या या शेवटच्या प्रमुखाने उतारवयात सैन्यात नोकरी धरली, आणि १८१८ साली तो वारला तेव्हा त्याने वयाची शंभरी ओलांडली होती असे सांगितले जाते. त्याच्यानंतर मॅक्वारी कुळाला मान्यताप्राप्त प्रमुख राहिला नाही.

याच कुळात ३१ जानेवारी १७६२ रोजी लॅक्लन मॅक्वारीचा जन्म झाला. त्याच्या वडिलांचे नावही लॅक्लनच होते आणि ते कुळप्रमुखाचे भाऊबंद मानले जात. परंतु मल बेटावर ऑस्कमल येथे आर्गाइलच्या ड्यूककडून खंडाने घेतलेल्या जमिनीवर त्यांचा निर्वाह चालत असे. वंश प्रमुखाचा आणि पोट लहान खंडकऱ्याचे, अशी ही स्थिती होती. मॅक्वारीच्या पुढच्या आयुष्यातील दोन प्रबळ इच्छा, स्वतःच्या मालकीची जमीन मिळवण्याची आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसांचा पालक म्हणून ओळखले जाण्याची, या विसंगतीतूनच आलेल्या दिसतात.

आजोळ आणि सैन्यातील प्रवेश

मॅक्वारीच्या उत्कर्षाला हात दिला तो आजोळाने. त्याची आई मार्गारेट ही मल बेटावरील लॉकबुईच्या मॅक्लेन घराण्यातली. तिचा भाऊ मर्डॉक मॅक्लेन पुढे लॉकबुईच्या जमिनीचा धनी झाला, आणि भाच्याला शिक्षण, ओळखीपाळखी व नोकरी मिळवून देण्याचा भार मुख्यतः या मामानेच उचलला. पराभूत डोंगराळ कुळांच्या तरुणांना ब्रिटिश सैन्यात सामावून घेण्याचे धोरण त्या वेळी जोरात होते. अमेरिकेतील वसाहतींनी बंड पुकारल्यावर तेथे स्थायिक झालेल्या स्कॉटिश लोकांमधून रॉयल हायलँड एमिग्रंट्स नावाची पलटण उभारली गेली. तिचा सेनापती ॲलन मॅक्लीन हा मल बेटावरच्याच टॉर्लॉइस्क घराण्यातला होता आणि मर्डॉक मॅक्लेन तिच्यात कॅप्टन होता. चौदा वर्षांचा लॅक्लन १७७६ मध्ये स्वयंसेवक म्हणून या पलटणीत शिरला आणि पुढच्याच वर्षी एन्साइन झाला. एन्साइन म्हणजे पायदळातील सर्वांत खालच्या दर्जाचा अधिकारी. त्या काळी अधिकारपद पैसे मोजून विकत घेण्याची रीतच होती. पैसा नसलेल्या तरुणाला नात्यातल्या वजनदार माणसाच्या शिफारशीवाचून वाट नसे.

नोव्हा स्कोशिया, न्यू यॉर्क, चार्ल्सटन आणि जमैका येथे नोकरी करून १७८४ मध्ये तो स्कॉटलंडला परतला. शांततेच्या काळात पलटणी मोडल्या की त्यांतील अधिकाऱ्यांना निम्मा पगार देऊन घरी बसवत. मॅक्वारीनेही अशी काही वर्षे मामाच्या आश्रयाने काढली. १७८७ च्या अखेरीस हिंदुस्थानसाठी नव्या पलटणी उभ्या करण्याचे ठरले, तेव्हा ७७ व्या पलटणीत त्याला लेफ्टनंटचे पद मिळाले. नव्या पलटणीत पद हवे असेल तर अधिकाऱ्याने काही रंगरूट स्वतः भरती करून आणावे लागत, आणि त्यासाठी तो आपल्याच मुलखातील गावे हिंडला. १७८८ च्या ऑगस्टमध्ये तो मुंबईच्या बंदरात उतरला.

मुंबई आणि म्हैसूरची युद्धे

त्या वेळची मुंबई ही अरबी समुद्रावरील एक तटबंद व्यापारी ठाणे होती. तिच्या पलीकडे कोकणात आणि घाटावर पेशव्यांचा अंमल होता, आणि मलबार किनारा टिपू सुलतानाच्या ताब्यात होता. १७९० साली सुरू झालेल्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रज, निजाम आणि मराठे हे तिघे टिपूविरुद्ध एकत्र आले. मुंबईचा गव्हर्नर व सेनापती सर रॉबर्ट ॲबरक्रॉम्बी याने समुद्रमार्गे मलबारात उतरवलेल्या फौजेत मॅक्वारी होता. १७९० च्या डिसेंबरात कण्णूर घेतल्यावर ही फौज घाट चढून श्रीरंगपट्टणकडे सरकली. १७९२ च्या फेब्रुवारीत लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याला ती येऊन मिळाली तेव्हा, याच युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही उतरलेल्या होत्या. टिपूने निम्मे राज्य आणि तीन कोटींहून अधिक रुपये देण्याचे कबूल करून, दोन मुलगे ओलीस ठेवून तह केला.

८ सप्टेंबर १७९३ रोजी मुंबईत मॅक्वारीने जेन जार्विस हिच्याशी लग्न केले. जेन ही वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटाचा माजी मुख्य न्यायाधीश टॉमस जार्विस याची मुलगी. वडिलांच्या मृत्यूनंतर ती मुंबईत आपल्या विवाहित बहिणीकडे राहत होती. तिच्या वाट्याला आलेली सुमारे ६००० पौंडांची संपत्ती ही अँटिग्वातील मळ्यांची, म्हणजेच गुलामांच्या श्रमांची होती. १७९५ मध्ये डचांकडून कोचीन घेतले गेले त्या सुमारास मॅक्वारीने तेथील बाजारातून दोन लहान मुलगे घरकामासाठी विकत आणवले. त्यांतील एकाला जॉर्ज जार्विस हे नाव देण्यात आले. मुंबई, स्कॉटलंड आणि सिडनी येथे तो मॅक्वारीचा खास नोकर म्हणून अखेरपर्यंत बरोबर राहिला. मॅक्वारी या मुलाला घरातला माणूस मानत असे आणि त्याच्याशी मायेने वागे, असे त्याच्या रोजनिशीवरून दिसते. तथापि ते मूल पैसे मोजून घेतले गेले होते आणि कोणाच्या घरात, कोणत्या नावाने वाढायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नव्हता, ही गोष्ट त्या मायेने बदलत नाही.

जेनला क्षयाने ग्रासले होते. समुद्राच्या हवेने उतार पडेल या आशेने मॅक्वारी तिला घेऊन चीनच्या किनाऱ्यावरील मकाव या पोर्तुगीज ठाण्यावर गेला आणि १५ जुलै १७९६ रोजी तेथेच तिचे निधन झाले. त्याने तिचा देह जहाजाने मुंबईस आणला आणि १७९७ च्या जानेवारीत तो तेथे दफन केला.

यानंतर मलबारात पळशी राजाविरुद्धच्या मोहिमेत आणि १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या अखेरच्या वेढ्यात त्याने भाग घेतला. ४ मे १७९९ रोजी टिपू लढताना मारला गेला आणि किल्ल्यातील खजिना विजयी सैन्यात दर्जाप्रमाणे वाटला गेला. लुटीच्या अशा कायदेशीर वाटणीला 'प्राइझ मनी' म्हणत. मॅक्वारीच्या वाट्याला आलेले सुमारे १३०० पौंड आणि पत्नीमागे राहिलेली रक्कम यांमुळे मामाचा ऋणी असलेला खंडकऱ्याचा मुलगा प्रथमच स्वतःच्या पायावर उभा राहिला.

दरबारी अनुभव आणि जमीन

मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याने मॅक्वारीला आपला लष्करी सचिव केले. गव्हर्नरचा सेनेशी होणारा पत्रव्यवहार, नेमणुका आणि रसदीचे हुकूम या सचिवाच्या हातून जात. त्यामुळे एखादा प्रांत कागदावर कसा चालवला जातो याचे शिक्षण त्याला मुंबईच्या किल्ल्यात मिळाले. १८०० साली सुरतेचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हाती घेतला, तेव्हा तो डंकनबरोबर सुरतेस गेला. १८०१ मध्ये फ्रेंचांना इजिप्तमधून हुसकावण्यासाठी सर डेव्हिड बेअर्डच्या हाताखाली हिंदुस्थानातून फौज निघाली. तांबड्या समुद्रावरील कोसेर बंदरात उतरून, वाळवंट ओलांडून ती नाईलपर्यंत पोहोचली आणि तिच्याबरोबर मॅक्वारी डेप्युटी ॲडज्युटंट जनरल म्हणून गेला. सेनापतीचे हुकूम पलटणींपर्यंत पोहोचवणे, हजेरी आणि शिस्त सांभाळणे हे या अधिकाऱ्याचे काम. १८०२ मध्ये तो मुंबईस परतला. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून मराठी राज्याचे स्वातंत्र्य गहाण टाकले, आणि तहानंतर थोड्याच दिवसांत, १८०३ च्या जानेवारीत, मॅक्वारीने रजेवर इंग्लंडची वाट धरली.

हिंदुस्थानात मिळवलेला पैसा त्याने मल बेटावरच्या जमिनीत घातला. मामाच्या मालकीतून आलेली सुमारे १०,००० एकरांची ही इस्टेट त्याने पहिल्या पत्नीच्या स्मरणार्थ 'जार्विसफील्ड' या नावाने ओळखली जावी असे ठरवले. कुळाच्या हातून जमीन गेल्यावर कुळातल्याच एका माणसाने, वसाहतीच्या पैशाने, पुन्हा जमीन घराण्यात आणली. नातलगांविषयीची हीच ओढ त्याच्या अंगलटही आली: शाळेत शिकणाऱ्या दोन लहान नातेवाइकांची नावे त्याने पलटणीच्या पटावर अधिकारी म्हणून लावून घेतली होती, आणि ते उघडकीस आल्यावर सरसेनापती ड्यूक ऑफ यॉर्कच्या नाराजीला त्याला तोंड द्यावे लागले. कुळाच्या नीतीत नातलगाचे भले करणे हे प्रमुखाचे कर्तव्य होते. राज्याच्या नीतीत ती लबाडी होती. या दोन नीतींमधला ताण त्याच्या आयुष्यात शेवटपर्यंत राहिला.

हिंदुस्थानातील आणखी थोड्या नोकरीनंतर १८०७ च्या मार्चमध्ये त्याने मुंबई कायमची सोडली. इराणचे आखात, बगदाद, इराण आणि रशिया या मार्गाने तो त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडला पोहोचला आणि ३ नोव्हेंबर रोजी त्याने एलिझाबेथ कॅम्बेल हिच्याशी विवाह केला. एलिझाबेथ ही एअर्ड्‌सच्या कॅम्बेल घराण्यातली, त्याच्या दूरच्या नात्यातली होती. बागा आणि वास्तुरचना यांविषयी तिला चांगली जाण होती आणि पुढे सिडनीच्या इमारतींवर व उद्यानांवर तिच्या आवडीचा ठसा उमटला.

वसाहतीची सूत्रे

न्यू साउथ वेल्स ही १७८८ साली, मॅक्वारी मुंबईत उतरला त्याच वर्षी, ब्रिटनमधील कैद्यांना हद्दपार करून ठेवण्यासाठी स्थापन झालेली वसाहत होती. तेथील बंदोबस्ताला असलेल्या न्यू साउथ वेल्स कोअर या पलटणीचे अधिकारी दारूच्या व्यापारावर गब्बर झाले होते. गव्हर्नर विल्यम ब्लाय याने त्यांना आळा घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हा २६ जानेवारी १८०८ रोजी त्यांनी त्यालाच अटक करून सत्ता बळकावली. ही बंडखोर पलटण हलवायची तर गव्हर्नरबरोबर दुसरी पलटण धाडणे भाग होते, आणि म्हणून आरमारी अधिकाऱ्याऐवजी भूदलाचा अधिकारी पाठवण्याचे ठरले. पहिली निवड मेजर जनरल माइल्स नाइटिंगॉल याची होती. त्याने प्रकृतीच्या कारणाने माघार घेतल्यावर ७३ व्या पलटणीचा प्रमुख म्हणून जाणाऱ्या मॅक्वारीलाच ते पद मिळाले. १ जानेवारी १८१० रोजी त्याने सूत्रे हाती घेतली.

त्याच्यापुढची पहिली अडचण चलनाची होती. वसाहतीत नाणी फार थोडी असत. आलेली नाणी माल आणणाऱ्या जहाजांबरोबर बाहेर जात आणि मजुरीसुद्धा दारूच्या मापात दिली जाई. १८१२ साली मद्रासहून ४०,००० स्पॅनिश डॉलर आणवले गेले. हे चांदीचे नाणे त्या काळी पूर्वेकडील सर्व बंदरांत चाले, म्हणूनच ते वसाहतीत टिकणार नाही अशी भीती होती. त्यावर मॅक्वारीने योजलेला उपाय असा: विल्यम हेन्शॉल या, खोटी नाणी पाडल्याबद्दल हद्दपार झालेल्या कारागिराकडून प्रत्येक नाण्याच्या मधोमध छिद्र पाडून घेतले गेले. बाहेरच्या कड्यावर न्यू साउथ वेल्स हे नाव व १८१३ हे वर्ष ठोकून त्याची किंमत ५ शिलिंग ठरवली, आणि छिद्रातून निघालेल्या लहान चकतीची १५ पेन्स. एका नाण्याची दोन झाली. दोघांची मिळून किंमत मूळ डॉलरपेक्षा जास्त ठरल्यामुळे आणि भोक पडलेले नाणे दुसरीकडे त्या भावाने कोणी घेणार नसल्यामुळे ते देशाबाहेर नेण्यात काही लाभ उरला नाही. १८१७ मध्ये मॅक्वारीच्याच पाठिंब्याने बँक ऑफ न्यू साउथ वेल्स ही वसाहतीतील पहिली बँक सुरू झाली.

सिडनीचे मोठे इस्पितळ सरकारी तिजोरीत पैसा नसताना उभे राहिले: बांधकामाचा खर्च तीन कंत्राटदारांनी सोसला आणि मोबदल्यात त्यांना ४५,००० गॅलन दारू आयात करण्याचा मक्ता मिळाला. १८१३ साली ब्लू माउंटन्स ही डोंगररांग ओलांडण्याची वाट सापडली. तेथून आतल्या मैदानाकडे जाणारा सुमारे १०० मैलांचा रस्ता विल्यम कॉक्स याने ३० कैद्यांना हाताशी धरून सहा महिन्यांच्या आत पुरा केला, आणि १८१५ च्या मे महिन्यात त्या टोकाला मॅक्वारीने बॅथर्स्ट गावाची आखणी केली. त्याच्या स्वतःच्या अहवालानुसार वसाहतीची लोकसंख्या त्याच्या कारकिर्दीत ११,५९० वरून ३८,७७८ वर गेली आणि त्याने २६५ सार्वजनिक कामे पुरी केली. मॅथ्यू फ्लिंडर्सने सुचवलेले 'ऑस्ट्रेलिया' हे नाव संपूर्ण खंडासाठी स्वीकारावे, अशी शिफारसही त्याने १८१७ मध्ये लंडनला केली.

सुटलेले कैदी

शिक्षा पुरी झालेल्या किंवा माफी मिळालेल्या कैद्यांना वसाहतीत 'इमॅन्सिपिस्ट' म्हणत. त्यांच्यापैकी काही व्यापाराने श्रीमंत झाले होते, तरी आपखुशीने आलेल्या वसाहतकारांच्या पंक्तीत त्यांना जागा नव्हती. शिक्षा भोगून सरळ वागणाऱ्या माणसाला समाजात पूर्वीचा दर्जा परत मिळाला पाहिजे, हे मॅक्वारीने आपल्या कारभाराचे तत्त्व केले. अँड्र्यू टॉम्प्सन आणि सिमियन लॉर्ड या माजी कैद्यांना त्याने मॅजिस्ट्रेट नेमले, आरमारातील बंडात सापडून हद्दपार झालेल्या डॉ. विल्यम रेडफर्नला आपल्या कुटुंबाचा वैद्य केले आणि या सर्वांना गव्हर्नरच्या निवासात जेवायला बोलावले. दस्तऐवजाच्या बनावटीबद्दल देहान्ताची शिक्षा होऊन ती पुढे हद्दपारीवर आलेला फ्रान्सिस ग्रीनवे हा वसाहतीचा सरकारी वास्तुविशारद झाला. मॅक्वारी दीपगृह, विंडसरचे सेंट मॅथ्यूज चर्च आणि १८१९ साली पुरी झालेली हाइड पार्क बरॅक्स ही कैद्यांच्या वस्तीची इमारत त्याने आखली. यांतील बरॅक्सचा समावेश २०१० मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला.

या धोरणाला कडवा विरोध झाला. धर्मोपदेशक सॅम्युअल मार्सडेनने माजी कैद्यांच्या जोडीने रस्त्याचा विश्वस्त होण्यास नकार दिला. ४६ व्या पलटणीचे अधिकारी त्यांच्या पंक्तीला बसेनात. न्यायाधीश जेफरी बेंट याने माजी कैदी असलेल्या वकिलांना उभे राहू देण्याऐवजी न्यायालयच बंद ठेवले. मॅक्वारीला हा विरोध आपल्या अधिकाराचा अवमान वाटे. पालकाच्या नात्याने दिलेला हुकूम लेकरांनी मानावा, तसाच गव्हर्नरचा हुकूम वसाहतीने मानावा अशी त्याची धारणा होती आणि तिला कायद्याची मर्यादा त्याला नकोशी होई. १८१६ मध्ये सरकारी उद्यानाच्या हद्दीत शिरल्याबद्दल तीन स्वतंत्र माणसांना त्याने खटल्यावाचून फटके मारवले, तेव्हा त्याच्याविरुद्धची तक्रार पार्लमेंटपर्यंत गेली.

अपिनची हत्या

पालकत्वाच्या या कल्पनेचे सर्वांत भीषण रूप त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या वाट्याला आले. १८१५ च्या सुरुवातीस मॅक्वारीने पॅरामॅट्टा येथे आदिवासी मुलांसाठी एक निवासी शाळा उघडली, काही कुटुंबांना शेतीसाठी जमीन दिली आणि दरवर्षी आदिवासींचा मेळावा भरवून जेवण देण्याचा प्रघात पाडला. हा हेतू सद्भावनेचा होता, परंतु त्यात आदिवासींनी आपली जीवनरीत सोडून गव्हर्नरच्या छत्राखाली यावे ही अट गृहीत होती. शाळेत ठेवलेल्या मुलांना आईबापांपासून तोडले जाई. गोऱ्यांच्या शेतीचा पसारा वाढत जाऊन आदिवासींच्या शिकारीची व कंदमुळांची भूमी संपू लागली, तशा चकमकी वाढल्या आणि दोन्ही बाजूंची माणसे मरू लागली.

१८१६ च्या एप्रिलमध्ये मॅक्वारीने सैन्याच्या तुकड्या धाडल्या. आदिवासींना पकडावे, विरोध करतील त्यांना गोळ्या घालाव्यात आणि मारल्या गेलेल्या प्रौढ पुरुषांची प्रेते इतरांना दहशत बसावी म्हणून झाडांवर टांगावीत, असे त्याचे हुकूम होते. १७ एप्रिलच्या पहाटेपूर्वी अपिनजवळ कॅप्टन जेम्स वॉलिसच्या तुकडीने धरावल लोकांच्या तळावर हल्ला केला. काहींना गोळ्या लागल्या आणि काही जण अंधारात पळताना कॅटरॅक्ट नदीच्या कड्यावरून खाली कोसळले. स्त्रिया व मुले धरून किमान १४ जण मेले, आणि हुकुमाप्रमाणे पुरुषांची प्रेते झाडांना टांगली गेली. जी माणसे गव्हर्नरचे छत्र स्वीकारत नव्हती, ती त्याच्या लेखी संरक्षणाच्या कक्षेबाहेर पडत होती. कुळव्यवस्थेतही प्रमुखाची माया ही निष्ठेच्या मोबदल्यात मिळे आणि निष्ठा नाकारणाऱ्याला तलवार दिसे. परंतु या साम्याने मॅक्वारीची जबाबदारी हलकी होत नाही, कारण स्वतःच्याच भूमीवर राहणाऱ्या लोकांनी त्याला निष्ठा वाहिलेली नव्हती आणि तिचे देणेही ते लागत नव्हते.

चौकशी आणि अखेर

युरोपातील युद्ध १८१५ मध्ये संपल्यावर हद्दपार होणाऱ्या कैद्यांची संख्या वाढली, खर्चही वाढला, आणि वसाहतीच्या शिक्षेचा धाक उरला नाही असे लंडनमधील मंत्र्यांना वाटू लागले. १८१९ मध्ये जॉन टॉमस बिग या न्यायाधीशाला चौकशीसाठी पाठवण्यात आले. इमारतींवरील खर्च आणि माजी कैद्यांना दिलेली पदे या दोन्ही गोष्टी बिगला अमान्य होत्या. रेडफर्नच्या मॅजिस्ट्रेटपदाची नेमणूक लंडनने रद्द केली. १ डिसेंबर १८२१ रोजी मॅक्वारीने सर टॉमस ब्रिस्बेनकडे सूत्रे सोपवली आणि पुढच्या वर्षी तो इंग्लंडला परतला. बिगचे अहवाल प्रसिद्ध झाल्यावर त्यांना उत्तर देण्यात आणि निवृत्तिवेतनासाठी खेटे घालण्यात त्याची अखेरची वर्षे गेली. १ जुलै १८२४ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले आणि त्याचा देह मल बेटावर नेऊन स्वतःच्या जमिनीत पुरण्यात आला. एलिझाबेथ १८३५ मध्ये वारली. १८१४ साली सिडनीत जन्मलेला एकुलता मुलगा लॅक्लन १८४५ मध्ये निपुत्रिक वारला, आणि कष्टाने मिळवलेली जमीन घराण्याबाहेर गेली.

वंशावळीच्या दृष्टीने मॅक्वारीचे सारे प्रयत्न अशा रीतीने फळाविना संपले, परंतु त्याच्या तत्त्वाचा वंश टिकला. माजी कैद्यांना समाजात बरोबरीचे स्थान देण्याचे जे धोरण बिगने मोडीत काढले, ते वसाहतीतच जन्मलेल्या पुढच्या पिढीने आपला हक्क म्हणून पुन्हा मागितले. तिचा पुढारी विल्यम चार्ल्स वेंटवर्थ हा एका हद्दपार स्त्रीचा मुलगा होता. १८४० साली न्यू साउथ वेल्सकडे होणारी कैद्यांची रवानगी थांबली आणि १८५० च्या दशकात वसाहतीला जबाबदार राज्यपद्धती मिळाली, ती घडवणाऱ्यांत हाच वेंटवर्थ अग्रभागी होता. धरावल लोकांच्या वारसांना मात्र त्या राज्यपद्धतीत जागा मिळाली नाही, आणि त्यांच्या वाट्याला आलेला अन्याय मान्य होण्यास आणखी दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला. म्हणूनच मॅक्वारीला आधुनिक ऑस्ट्रेलियाच्या उभारणीचे श्रेय देताना त्याने कोणाला आपले मानले एवढेच पाहून भागत नाही. आपले मानण्याचा अधिकार त्याने केवळ स्वतःकडे ठेवला होता, हेही त्याच्या कारकिर्दीच्या हिशेबात तेवढ्याच ठळकपणे मांडावे लागते.